न मागता आलेली पत्रे
(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)





आज शिक्षणावर चार गोष्टी सांगाव्यात, अशी माझ्याकडून अपेक्षा असणार. परंतु मी बोलणार आहे पत्रांविषयी. आपण न मागता आपल्या दारात येणाऱ्या पत्रांविषयी. हा विषयदेखील शिक्षणाचाच आहे, हे पुढे ध्यानात येईल.

आपले जुन्नर एके काळी कागदासाठी प्रसिद्ध होते. आपल्यातल्या कागदी घराण्यांनी हाताने केलेला जुन्नरी कागद पेशवाईच्या दफ्तरांत वापरला जात असे. त्या काळी पत्र लिहायचे म्हणजे कागद, शाई, कारकून आणि जासूद असा सगळा खर्च होता, म्हणून माणूस कामापुरतेच लिही. आज त्याच गावात कागदाविना पत्रे येतात आणि पाठवणाऱ्याचा एक पैसाही खर्च होत नाही. सारी गोम इथेच आहे. खर्च वाचणाऱ्याच्या माथी पडतो, त्याच्या वेळेचा आणि कधी कधी त्याच्या पैशाचा.

माझ्या मामूंचे उदाहरण सांगतो. त्यांची परवानगी घेतली आहे. २०१८ साली शासनाने जुन्नर हा पर्यटन तालुका म्हणून जाहीर केला. शिवनेरी, लेण्याद्री, नाणेघाट पाहायला येणाऱ्यांसाठी मामूंनी घरामागे चार खोल्या काढल्या. एका मुलाकडून लहानशी वेबसाईट करून घेतली. खोल्यांचे फोटो, जेवणाचे दर, फोन नंबर आणि ईमेलचा पत्ता, सगळे मराठीत. महिन्याभरात पत्रे सुरू झाली. मामूंना वाटले गिऱ्हाईक आले. पत्रे इंग्रजीत, म्हणून ती वाचायला मला बोलावणे आले. घरात एक बी.ए., बी.एड. असला म्हणजे त्याला ही कामे चुकत नाहीत.

पहिल्या पत्रात लिहिले होते : आपली वेबसाईट पाहिली, अत्यंत आवडली, परंतु तिच्यात काही दोष आहेत, आम्ही तिला गूगलच्या पहिल्या पानावर आणून देऊ. मामू म्हणाले, "माणसाने आपुलकीने लिहिले आहे, जवाब दिला पाहिजे." आपल्याकडे सलामाचा जवाब टाळत नाहीत आणि आलेल्या पत्राला पोच न देणे हा उर्मटपणा समजतात. मलाही ते बरोबर वाटले. त्या शुक्रवारी दुपारी मामूंनी सांगितली आणि मी लिहिली, अशी चौदा उत्तरे गेली. "जनाब, आपले पत्र पोचले, आभारी आहोत, सध्या गरज नाही." महिन्याच्या आत दिवसाला पाचाची चाळीस पत्रे झाली.

असे का झाले, याचा उलगडा मला माझ्याच एका माजी विद्यार्थ्याने केला. तो पुण्यात अशाच एका कचेरीत नोकरीला आहे. ईदला भेटायला आला तेव्हा म्हणाला, "सर, दिवसाला चारशे पत्रे सोडायची असतात. वेबसाईट कोणी बघत नाही. पत्ते गोळा करणारा प्रोग्राम असतो, मजकूर ठरलेला असतो. चार दिवसांनी 'माझे पत्र पोचले का' हे दुसरे पत्रही यंत्रच पाठवते. मात्र जो उत्तर देतो, मग शिवी का देईना, त्याचे नाव वेगळ्या यादीत जाते. तिथे वाचणारा माणूस आहे हे कळते ना." म्हणजे मामूंचा अदब त्या यादीत जमा झाला होता.

मी मामूंना हे सांगितले. त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी स्वतःच परीक्षा घ्यायची ठरवली. एका 'फार आवडली' म्हणणाऱ्याला त्यांनी विचारायला लावले : आमच्या चार खोल्यांपैकी कोणत्या खोलीचा फोटो आपणांस आवडला? उत्तर आले : होय साहेब, पहिल्या पानाची पूर्ण हमी. मामू पोट धरून हसले. त्या दिवसापासून पोच बंद झाली. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, असे खुद्द गूगलनेच आपल्या सूचनांत लिहून ठेवले आहे.

हा त्रास नवा नाही. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेत गॅरी थुर्क या विक्री अधिकाऱ्याने आपल्या कंपनीच्या नव्या संगणकांची जाहिरात त्या वेळच्या अर्पानेट जाळ्यावरील सुमारे चारशे लोकांना एकदम पाठवली. लोक संतापले, त्याला ताकीद मिळाली. पुढे अशा पत्रांना 'स्पॅम' नाव पडले. ते मूळ नाव डबाबंद डुकराच्या मांसाचे. आपल्या घरात ते शिरू नये, याला एवढे कारण पुरे!

आता थोडे गंभीर. सगळीच पत्रे नुसती कटकट करणारी नसतात. पुढच्या वर्षी मामूंना एक पत्र आले, ते हुबेहूब बिलासारखे. वेबसाईटच्या नावाची मुदत संपत आहे, तीन दिवसांत भरणा करा, नाहीतर नाव दुसऱ्याला जाईल. दहा हजार रुपये, वर अठरा टक्के जीएसटी, एकूण ११,८००. मी तेव्हा दहावीच्या पेपर तपासणीत होतो. मामूंनी मला त्रास नको म्हणून कोणाला न विचारता फोनवरून पैसे भरले. खरी मुदत अजून सात महिने बाकी होती, आणि नूतनीकरणाचा खरा खर्च हजार रुपयांच्या आत. अकरा दिवसांनी हे मला कळले. तेव्हा १९३० या सायबर मदतक्रमांकावर तक्रार नोंदवली, पण तोवर पैसे पुढे गेले होते. या तक्रारीत तासांना किंमत असते, दिवसांना नाही. तो हंगाम पावसाळ्याचा, खोल्या रिकाम्या. ते पैसे मामूबेनच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी बाजूला ठेवलेले होते.

त्यानंतर शोध घेता आणखी एक गोष्ट निघाली. वेबसाईटचे नाव मामूंच्या नावावर नव्हतेच, ज्या मुलाने ती केली त्याच्या नावावर होते. त्यात त्याचा दुष्टावा नव्हता, आळस होता. म्हणून खरी मुदत केव्हा, पैसे कोणाला द्यायचे, हे मामूंना माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. ज्याला आपल्या सातबाऱ्यावर कोणाचे नाव आहे हे पाठ आहे, त्याने हे विचारलेही नव्हते. मीही विचारले नव्हते.

इतर नमुने थोडक्यात. 'तुमच्या वेबसाईटमध्ये सुरक्षेचे भोक सापडले, बक्षीस दिल्यास दाखवू.' 'तुमच्या नावाने चीनमध्ये कोणी नोंदणी करीत आहे.' 'आमचा लेख छापा, तीन हजार देऊ.' हे शेवटचे गोड वाटते. परंतु क्रमांक वाढवण्यासाठी विकलेले दुवे गूगल गैर मानते आणि नुकसान आपल्या वेबसाईटचे होते.

मग काय सगळेच पुसून टाकावे? तेही मी करून पाहिले. फसल्यानंतर मी इतका कडक झालो की इंग्रजी पत्र दिसले की न वाचता पुसू लागलो. त्यात मस्कतला नोकरीस असलेल्या एका मराठी कुटुंबाचे पत्र गेले. त्यांना शिवनेरीसाठी चारही खोल्या तीन दिवस हव्या होत्या. त्यांनी अखेर फोन केला तो नारायणगावातील दुसऱ्या जागेत उतरल्यावर, आणि बोलले तेही प्रेमाने. मामू मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

तेव्हापासून आम्ही पत्रातला तपशील पाहतो. तारीख, माणसे किती, लहान मुले आहेत का, जेवण शाकाहारी हवे का, असे ज्यात आहे त्याला त्याच दिवशी उत्तर. ज्यात आपले कौतुक आहे पण आपले काहीच नाही, त्याला उत्तर नाही. स्पॅमची खूण करून मोकळे. ओळखीच्या मोठ्या कंपनीचे जाहिरातपत्र असेल तर 'पत्रे बंद करा' हे बटण वापरावे. मोठ्या प्रमाणावर जाहिरातपत्रे पाठवणाऱ्यांना ते देणे गूगल व याहूने २०२४ पासून बंधनकारक केले आहे. अनोळखी पत्रातील तेच बटण मात्र दाबू नये. ते मामूंच्या पोचेसारखेच ठरते.

माझ्या त्या विद्यार्थ्यावर आपण रागावू नये. घोडेगाव, मंचर, जुन्नर येथून पदवी घेऊन निघालेल्या मुलाला पहिली नोकरी अशीही मिळते. मी त्याला एवढेच विचारले की पत्र पाठवण्याआधी एखादी वेबसाईट उघडून पाहतोस का? तो म्हणाला, "सर, तेवढा वेळ देत नाहीत." आता तो दुसरे काम शोधीत आहे. सभागृहात कोणाकडे जागा असेल तर मला जरूर कळवावे. मुलगा हिशेबात चोख आहे.

ज्या पालकांची दुकाने, बेकऱ्या, रोपवाटिका यांच्या वेबसाईट आहेत, त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर माझ्याकडे यावे. नववी-दहावीची मुले मदतीला बसतील. त्यांचे इंग्रजीही त्या निमित्ताने सुधारेल. येताना वेबसाईटचे नाव कोणाच्या नावावर आहे, कोठून घेतले आणि मुदत केव्हा संपते, ते लिहून आणावे. मामूंनी ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहिली आहे, मामूबेनच्या डोळे तपासणीच्या तारखेशेजारी.