पिल्लू आणायचं, पण पारखून



बाजारात शेळी घ्यायला गेलो तर आपण आधी तिचे दात बघतो. दुभती म्हैस घेताना स्वतः धार काढून बघतो. खरसुंडीच्या जत्रेत खिलार खोंड घ्यायचा तर घरची चार माणसं त्याला चालवून, फिरवून बघतात. मग कुत्र्याचं पिल्लू मोबाईलवर नुसता फोटो बघून कसं काय घेतो?

हा प्रश्न आम्ही आधी स्वतःलाच विचारला, कारण फसगत आमच्याच गटात झाली. एका मैत्रिणीच्या मुलानं मोबाईलवर जाहिरात बघितली. 'रस्त्यावर टाकलेली पिल्लं आम्ही वाचवतो. विकत नाही, दत्तक देतो. फक्त लसीचा आणि गाडीचा खर्च द्या.' साडेतीन हजार रुपये आधी घेतले आणि पिल्लू एसटी स्टँडवर हातात दिलं. तिसऱ्या दिवशी पिल्लाला उलट्या आणि रक्ताची हगवण लागली, पाचव्या दिवशी ते गेलं. डॉक्टर म्हणाले, पार्व्हो. लस दिलेलीच नव्हती. खेळताना पोराच्या हाताला पिल्लाचे दात लागले होते, म्हणून त्याला रेबीजची इंजेक्शनं घ्यावी लागली. त्या माणसाचा फोन तेव्हापासून बंद आहे.

खरोखर कुत्री वाचवणारी माणसंही आहेत, हे आधी सांगतो. ती औषधपाण्याचा खर्च मागतात, त्यात वावगं काही नाही. पण खरा कोण आणि सोंग घेतलेला व्यापारी कोण, हे ओळखायला आम्ही बैठकीत बसून काही खुणा काढल्या.

पहिली खूण. वाचवलेली कुत्री सगळ्या वयाची असतात. कुणी म्हातारं, कुणी लंगडं, बहुतेक गावठी. ज्याच्याकडे कायम एकाच वयाची, जातिवंत पिल्लंच असतात, तो पैदास करून विकतोय असं समजा. आपल्याकडे कारवानी आणि मुधोळ कुत्र्यांचं मोठं कौतुक. शेजारच्या मुधोळचं कुत्रं तर २००५ साली टपाल तिकिटावर आलं. त्या नावाला भुलू नका.

दुसरी खूण. जागा बघायला येतो म्हणा. खरा माणूस बोलावतो. खोटा म्हणतो, 'मीच स्टँडवर आणून देतो, आज पैसे टाका, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे.'

तिसरी खूण, लसीचं पुस्तक. त्यावर डॉक्टरांची सही, शिक्का आणि तारीख हवी. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या पिल्लाला देतात. महिन्याभराच्या पिल्लाला 'रेबीजची लस झाली' म्हणणारा खोटं बोलतोय.

चौथी खूण. खरा माणूस आपल्यालाच प्रश्न विचारतो. घरी कोण असतं? शेतावर गेल्यावर कुत्र्याला कोण बघणार? नाही जमलं तर परत आणून द्या, असंही सांगतो. पोरगी देताना घर बघतात, तसंच हे. व्यापारी फक्त पैसे कधी देणार एवढंच विचारतो.

पाचवी खूण, कागद. ट्रस्ट म्हणवत असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक मागा. पैदास करून विकणाऱ्यानं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकू नये, असा २०१७ चा नियम आहे.

आणखी एक. गावात गाडी घेऊन कुणी आलं आणि 'दर कुत्र्यामागे इतके पैसे द्या, आम्ही उचलून लांब सोडतो' म्हणालं, तर ग्रामपंचायतीत कळवा. २०२३ च्या नियमांप्रमाणे रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी आणि लस करून त्यांना मूळ जागीच सोडायचं असतं. ते कामही प्राणी कल्याण मंडळाची मान्यता असलेल्या संस्थेनंच करायचं.

फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन करा. जितका उशीर, तितके पैसे हातचे जाण्याची भीती. मेसेज, फोटो, पैसे भरल्याची नोंद पुसू नका. आणि दात किंवा नख लागलं तर हळद-चुना लावत बसू नका. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवा आणि थेट सरकारी दवाखाना गाठा. एकदा रेबीज झाला की त्यावर औषध नाही.

आमच्या मैत्रिणीच्या दारात आता एक गावठी कुत्री आहे. वस्तीवरचीच. जनावरांच्या डॉक्टरांकडून लस टोचून घेतली, पुस्तक भिंतीला अडकवलंय. रात्री ती गोठ्यापाशी बसते, आणि पोरगं शाळेतून आलं की आधी तिच्याकडे जातं.

येत्या बैठकीत या पाच खुणा वाचून दाखवा. मोबाईल हाताळणाऱ्या पोरांना तर नक्की ऐकवा.