रुळाच्या पोटातील प्रतिध्वनी

भिलाईचे सेक्टर ६ हा पोलाद कारखान्याच्या नगरीचाच एक भाग. पाळी संपवून परतणारा मनुष्य येथे ‘काम करून आलो’ असे म्हणतो. पण पदार्थविज्ञान त्याच्या थकव्याची दखल घेत नाही. उभ्या वाघिणीला खांदा लावून तो घामाघूम झाला आणि वाघीण तसूभरही हलली नाही, तर त्याने बल लावले खरे, मात्र वाघिणीवर घडलेले कार्य शून्य. (बलास काही मराठी ग्रंथ ‘प्रेरणा’ म्हणतात.) बलाच्या दिशेने वस्तू सरकली, तरच कार्य घडते.

आता ५ किलोग्रॅमचा हातोडा घेऊ. तो १ मीटर उचलण्यास ४९ जूल कार्य करावे लागते. उचलण्यास एक सेकंद लागला, तर शक्ती ४९ वॅट. तोच हातोडा खाली पडून सेकंदाच्या हजाराव्या भागात थांबला, तर तेवढेच ४९ जूल सरासरी ४९,००० वॅट शक्तीने खर्च होतात! ऊर्जा तीच, फरक केवळ वेळेचा.

घाव रुळावर पडला, तर त्या ऊर्जेचा काही अंश तरंगरूपाने रुळातून धावू लागतो. भाताच्या शेतावरून वाऱ्याची लाट जाते, पण रोप आपली जागा सोडत नाही. पोलादाचे कणही तसेच जागच्या जागी कंप पावतात. भिलाईची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. पुढे रेल्वेचे रूळ ही या कारखान्याची ओळख ठरली, आणि तुकडे जोडून केलेले २६० मीटर लांबीचे रूळही येथून जाऊ लागले. अशा रुळाच्या एका टोकास घाव घातला, तर दुसऱ्या टोकास कान लावणाऱ्यास तो दोनदा ऐकू येईल : प्रथम पोलादातून, सेकंदाच्या सुमारे विसाव्या भागात, नंतर हवेतून, पाऊण सेकंदाने.

परंतु रुळाच्या पोटात दडलेली बारीक चीर अशा ठोक्याने सापडणे कठीण. सेकंदाला हजार कंपनांच्या ध्वनीची पोलादातील तरंगलांबी सुमारे पाच मीटर भरते. एवढा लांब तरंग मिलिमीटरभर चिरेची फारशी पर्वा न करता पुढे जातो. म्हणून कानास न ऐकू येणारे श्राव्यातीत तरंग वापरतात. सेकंदाला पंचवीस लक्ष कंपने असली, की तरंगलांबी अडीच मिलिमीटरांहूनही कमी होते. रुळाच्या आरपार जाणाऱ्या या तरंगांचा वेग सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर असतो. निर्दोष रुळात तळाकडून एकच प्रतिध्वनी परततो. मध्ये चीर असेल, तर त्याआधीच दुसरा येतो. तो सेकंदाच्या वीस दशलक्षांशात आला, तर दोष ५९ मिलिमीटर खोल आहे, हे साध्या गुणाकार-भागाकाराने कळते. रूळ मात्र अखंड राहतो.

एक अडचण उरते. चीर तरंगाच्या मार्गाला समांतर, म्हणजे उभी असेल, तर ती प्रतिध्वनी जवळजवळ देतच नाही. आणि गाडीखाली रूळ मोडण्यास अशी उभी चीरच अधिक कारणीभूत होते. यास्तव सरळ खाली जाणाऱ्या तरंगांबरोबर, लंबाशी सुमारे ७० अंशांचा कोन करून तिरपे तरंगही रुळात सोडले जातात.