वारा कुठून येतो, पाऊस कुठे पडतो

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या बैठकीत भावाचा विषय झाला, विम्याचा झाला, विजेचाही झाला. आता अर्धा तास वाऱ्याचा विषय घेऊ. काही जण म्हणतील, वाऱ्यावर कुणाचा मोर्चा चालतो? खरे आहे. वाऱ्यापुढे निवेदन देता येत नाही. पण कोरडवाहू शेतकऱ्याचा सगळ्यात मोठा जुगार वाऱ्यावरच चालतो, आणि ज्याला पत्ते ओळखता येत नाहीत तो पहिल्याच डावाला बसतो.

साधा हिशेब करू. 2025 च्या हंगामात बीटी सरकीची पिशवी 901 रुपयांना होती. एकरी दोन पिशव्या धरल्या तर नुसते बियाणे अठराशे रुपयांचे. त्यावर वखरणी, मजुरी, खत. मृगाच्या तोंडावर एक जोरदार सर येते, गाव पेरायला निघते, मग पंधरा दिवस आभाळ कोरडे, आणि दुबार पेरणी. पहिल्या सरीचा पाऊस कुठल्या जातीचा होता हे ओळखता आले असते तर त्यातल्या किती पिशव्या वाचल्या असत्या, याचा विचार करा.

हवेला वजन आहे

पहिली गोष्ट हीच. हवा दिसत नाही म्हणून ती नाही असे नाही. तळहाताएवढी जागा सोडा, नखाएवढ्या एका चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो हवेचा भार असतो. आपल्या एका एकराच्या वावरावर सुमारे चाळीस हजार टन हवा उभी आहे. हा भार म्हणजेच हवेचा दाब. समुद्रसपाटीला तो सरासरी 1013 हेक्टापास्कल असतो.

जमीन तापली की हवा तापते, फुगते, हलकी होते, वर चढते. तिथे दाब उतरतो. आजूबाजूची जड हवा त्या जागेकडे धावते. हाच वारा. पाणी उंचावरून खोलगट जागेकडे जाते तशी हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाते.

आणि पाऊस? कमी दाबाच्या जागी चहूकडून आलेल्या हवेला वर जाण्यावाचून वाट नसते. वर चढताना ती दर शंभर मीटरला सुमारे एक अंशाने थंड होते. थंड हवेत वाफ मावत नाही. तिचे ढग होतात, ढगांचा पाऊस होतो. जास्त दाबाच्या जागी उलटे. तिथे हवा वरून खाली दबते, तापते, ढग विरतात. म्हणून बातम्यांत "कमी दाबाचे क्षेत्र" म्हटले की कान टवकारायचे.

पृथ्वी फिरते, वारा वळतो

आता दुसरी गोष्ट. वारा कमी दाबाकडे निघतो खरा, पण सरळ पोचत नाही. कारण त्याच्या पायाखालची पृथ्वी फिरते आहे. विषुववृत्तावरची जमीन ताशी सुमारे 1670 किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जाते. आपल्या नागपूरच्या अक्षांशावर हाच वेग 1560 च्या आसपास. विषुववृत्ताकडून आपल्याकडे निघालेली हवा तिथला जादा वेग सोबत घेऊन येते. इथली जमीन तिच्यापेक्षा हळू. त्यामुळे हवा पुढे, म्हणजे पूर्वेकडे, सरकते. जत्रेतल्या फिरत्या चक्रीवर बसून समोरच्या पोराकडे चेंडू टाकून पाहा. चेंडू सरळच जातो, पण चक्रीवर बसलेल्याला तो वाकडा गेलेला दिसतो.

नियम असा: विषुववृत्ताच्या उत्तरेला वारा आपल्या उजवीकडे वळतो, दक्षिणेला डावीकडे. फ्रान्सच्या कोरिओलिस नावाच्या शास्त्रज्ञाने 1835 साली या वळण्याचे गणित मांडले. हा जोर फार बारीक असतो, शेकडो किलोमीटरच्या प्रवासातच तो दिसतो. एप्रिलमध्ये वावरातून उठणारी वावटळ कधी या बाजूने फिरते, कधी त्या बाजूने. ती इतकी लहान असते की तिला पृथ्वीच्या फिरण्याशी देणेघेणे नसते.

आपला मान्सून कसा वळून येतो

मे-जूनमध्ये राजस्थान आणि सिंधचे वाळवंट भट्टीसारखे तापते. तिथे दाब 995 हेक्टापास्कलपर्यंत उतरतो. त्याच वेळी दक्षिण गोलार्धात हिवाळा असतो. मादागास्करच्या पलीकडे, मस्कारीन बेटांच्या दक्षिणेला दाब 1024 च्या वर जातो. फरक तीसेक हेक्टापास्कलचा, म्हणजे शंभरात तीनाचा. एवढ्याशा फरकावर आपल्या देशाची शेती उभी आहे.

तिथून निघालेला वारा दक्षिण गोलार्धात डावीकडे वळतो, म्हणून आग्नेयेकडून येतो. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे डोंगर त्याला अडवतात. केनियाजवळ तो विषुववृत्त ओलांडतो, आणि आता उजवीकडे वळतो. सोमालियाच्या किनाऱ्याने एक-दीड किलोमीटर उंचीवरून नदीच्या लोंढ्यासारखा अरबी समुद्रावर घुसतो. फिंडलेटर नावाच्या हवामानतज्ज्ञाने 1969 साली हा लोंढा नीट मांडून दाखवला. समुद्राची वाफ पिऊन तो नैर्ऋत्येकडून आपल्या किनाऱ्यावर आदळतो. पृथ्वी फिरत नसती तर हा वारा असा वळून आलाच नसता.

सह्याद्री चढताना तो आपले ओझे उतरवतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यात पूर्वेला माण-खटावात तो पाचशेच्या आसपास येतो. डोंगर उतरणारी हवा दबते, तापते, कोरडी होते. म्हणून मराठवाड्यात आणि पश्चिम विदर्भात नुसता पश्चिमेचा वारा सुटून भागत नाही. ढग धावतात, वारा भणाणतो, पाऊस नाही. हे आपण सगळे दर वर्षी पाहतो.

आपली झड येते बंगालच्या उपसागरातून

मग आपला पाऊस कुठला? बराचसा बंगालच्या उपसागराच्या भरवशाचा. उत्तर भागात कमी दाबाचे क्षेत्र तयार होते. चहूकडून वारे त्याच्याकडे धावतात, प्रत्येक वारा उजवीकडे वळतो, म्हणून कुणीच थेट मध्यावर पोचत नाही. खळ्यावर तिवड्याभोवती बैलांची पात फिरावी तसे सगळे मिळून मध्याभोवती फिरू लागतात, घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने. ताशी 31 किलोमीटरच्या वर वारा गेला की हवामान खाते त्याला अवदाब म्हणते, 62 च्या वर गेला की चक्रीवादळ.

पावसाळ्यातले असे क्षेत्र ओडिशाच्या किनाऱ्यावरून छत्तीसगड, मध्य प्रदेशाकडे सरकते. त्याचा जोराचा पाऊस बहुधा मध्यावर पडत नाही, मध्याच्या नैर्ऋत्येला पडतो. नकाशा डोळ्यापुढे आणा. छत्तीसगड-मध्य प्रदेशाच्या नैर्ऋत्येला कोण? विदर्भ. क्षेत्र अजून दक्षिणेकडून आले तर मराठवाडाही त्यात सापडतो. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्याने हे भोगले आहे.

पाऊस दडी मारतो तेव्हाचे कारणही दाबाचेच. राजस्थानपासून बंगालच्या उपसागरापर्यंत कमी दाबाचा एक लांब पट्टा पावसाळाभर असतो. तो आपल्या जागेवर असला की मध्य भारतात पाऊस. तो उत्तरेला सरकून हिमालयाच्या पायथ्याशी गेला की तिकडे पूर आणि इकडे खंड. 2023 चा ऑगस्ट आठवा. देशाच्या सरासरीत 36 टक्के तूट, 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट. भर पात्या-फुलांवर आलेली पऱ्हाटी त्या महिन्यात सुकली.

धुऱ्यावर उभे राहून करायची तपासणी

हॉलंडच्या बाइस बॅलट या शास्त्रज्ञाने 1857 साली एक नियम सांगितला. तो आपल्याला फुकट वापरता येतो. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. डावा हात आडवा करा, किंचित पुढे घ्या. कमी दाब त्या हाताकडे आहे. झाडाझुडपाचा वारा धरू नका, वादळी सरीचा झोतही धरू नका. खालच्या ढगांची चाल पाहा, ती जास्त खरी.

जुलैत वारा पश्चिमेचा असेल तर तोंड पूर्वेला, डावा हात उत्तरेला, म्हणजे पट्टा उत्तरेला. वारा वायव्येकडून येऊ लागला, हात ईशान्येला गेला, आणि ढग खाली येऊन जाड होऊ लागले, तर क्षेत्र छत्तीसगडकडे असू शकते. फवारणी आणि खताचा डोस थांबवा. वारा पूर्वेचा झाला तर कमी दाब दक्षिणेला, तेलंगण-आंध्राकडे. सप्टेंबरात अशा वेळी पक्व झालेली खरीप ज्वारी काढता येत असेल तर काढून घ्या, कणीस भिजून काळे पडण्याआधी. मात्र एकट्या वाऱ्यावर निर्णय घेऊ नका. हवामान खात्याचा अंदाज आणि हाताची दिशा जुळते का ते पाहा.

पेरणीचे तसेच. मृग हे सूर्याचे ठिकाण सांगते. आपल्या बापजाद्यांनी बांधलेले ते चांगले कॅलेंडर आहे. पण त्या वर्षी कमी दाब कुठे आहे हे मृगाला ठाऊक नसते. दुपारी तापून, गडगडून, एका शिवारात पडून दुसऱ्यात न पडणारा पाऊस वळवाचा. तो जमिनीच्या स्थानिक तापण्याचा आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन. पश्चिमेचा वारा दिवस-रात्र टिकला, हवा दमट झाली, दिवसाचा पारा उतरला, पाऊस तालुकाभर झाला, तर तो मान्सून. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत ओल खोल गेल्याशिवाय सरकीला हात लावू नये, ही शिफारस याच कारणाने आहे.

आता काम

हे ज्ञान कुणाच्या मालकीचे नाही. म्हणून प्रत्येक गावशाखेने तीन गोष्टी कराव्यात. एक, शाळेच्या आवारात किंवा मोकळ्या धुऱ्यावर साधा पर्जन्यमापक बसवा आणि रोज सकाळी साडेआठला आकडा लिहा. दोन, त्याच वहीत वाऱ्याची आणि ढगांची दिशा लिहा. तीन, महसूल मंडळाच्या हवामान केंद्राचा आकडा शेजारी लिहा. हवामानावर आधारित फळपीक विम्याचा निवाडा त्या आकड्यावर होतो. केंद्र झाडाखाली किंवा भिंतीच्या आडोशाला बसवले असेल तर आपल्या वहीतला फरक बोलेल, आणि मग निवेदन कुणाला द्यायचे ते आपल्याला ठाऊक आहे.

आपण मान्सूनला वळवू शकत नाही. तो कुठून वळतो हे ओळखून आपली पिशवी मात्र आठ दिवस जास्त घरात ठेवू शकतो. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना वही सोबत आणा. गावोगावच्या वह्या शेजारी मांडून वाचू.