निवृत्ताला काम

सरकारी कचेरीत वीस वर्षे काढल्यामुळे सेवानिवृत्तीचे समारंभ मी पुष्कळ पाहिले आहेत. शाल, श्रीफळ, चार भाषणे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेमक्या वेळेला डबा मागणारा व मग ओशाळून खुर्चीत बसणारा गृहस्थ. त्याला निदान निवृत्ती म्हणजे काय, हे ठाऊक असते. ज्याला ते कोणीच समजावून सांगू शकत नाही अशा एका निवृत्ताविषयी आज मला बोलावयाचे आहे. तो आमच्या रायपूरच्या घरी राहतो, त्याचे वय सहा वर्षांचे आहे आणि तो कुत्रा आहे.

ब्रूनो हा बेल्जियन मॅलिन्वा जातीचा. ही जात छत्तीसगडात आता अपरिचित राहिलेली नाही. केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या तुकड्यांबरोबर बस्तरच्या रानात जाऊन पुरलेले सुरुंग हुंगून काढण्याचे काम या जातीच्या श्वानांनी केले आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये छत्तीसगड व तेलंगण यांच्या सीमेवरील डोंगरांत रोलो नावाचे या दलाचे श्वान मधमाश्यांच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडले, ती वार्ता वाचून पुष्कळांना हळहळ वाटली. अशा वार्ता ऐकल्या म्हणजे आपल्याही दारी असा एखादा असावा, असा मोह होतो. मलाही झाला. ब्रूनो एका गोदामाच्या राखणीसाठी शिकवून तयार केलेला होता. गोदाम बंद झाले, त्याची नोकरी सुटली, आणि निराधार प्राण्यांच्या एका आश्रयस्थानातून तो आमच्याकडे आला. त्या वेळी तो चार वर्षांचा होता. शिकलेला कुत्रा म्हणजे निम्मे काम झालेलेच, असा माझा हिशेब होता.

हा हिशेब महिनाभरात चुकला. आम्ही त्याला उत्तम खाणे दिले, पडवीत गादी घातली, सकाळी तेलीबांधा तलावापर्यंत फिरावयास नेले. संध्याकाळपर्यंत त्याने गादी फाडलेली असे आणि अंगणाच्या कडेने धावून धावून मातीत एक वाटोळी पायवाट पाडलेली असे. मग एके दिवशी शेजारचा सात वर्षांचा मुलगा चेंडूमागे धावत आमच्या आवारात आला. ब्रूनोने मागून झेपावून त्याची पोटरी धरली. दात रुतले नाहीत, परंतु मूल भयाने पांढरे पडले. डॉक्टरांनी तपासले, लस दिली. त्याच्या आईने मला एक शब्दही दुरुत्तर केले नाही, आणि ते अधिक लागले. त्याच रात्री ब्रूनोला परत घ्यावे, असा अर्ज मी आश्रयस्थानाच्या नावे लिहून काढला.

अर्ज देण्यापूर्वी एका जाणत्यास विचारावे म्हणून पोलिसांच्या श्वानपथकातून निवृत्त झालेल्या एका हवालदारांना मी घरी बोलावले. ते मूळचे गोंदियाकडचे. चहा घेता घेता त्यांनी ब्रूनोची पायवाट पाहिली आणि विचारले, "साहेब, याला काम काय दिलंय तुम्ही?"

मी म्हणालो, "काम कशाला? आता त्याने आराम करावा."

ते हसले. "आराम तुम्हाला हवा आहे. त्याने मागितला आहे का?"

त्यानंतर तासभर त्यांनी मला जे सांगितले, ते मी आधी जाणून घ्यावयास हवे होते. मॅलिन्वा हे नाव बेल्जियममधील मेखेलेन नगराच्या मालीन या फ्रेंच नावावरून पडले. ही जात मेंढपाळांची. दिवसभर कळपाच्या कडेने धावावयाचे, फुटून पळणाऱ्या मेंढरास वळवून आणावयाचे, हे तिचे पिढ्यान्‌पिढ्यांचे कर्तव्य. आमच्या अंगणातील पायवाट ही त्या नसलेल्या कळपाची प्रदक्षिणा होती, आणि धावणारे मूल हे कळपातून फुटलेले मेंढरू. ब्रूनोने आपल्या मते काम केले होते. गुन्हा काम न देणाऱ्याचा होता.

दुसरी गोष्ट त्यांनी दाखविली ती भाषेची. ब्रूनो 'सिट' हा शब्द शिकलेला. माझ्या आईचा 'बस' म्हणजे त्याने बसावे. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंची बोली छत्तीसगढी व हिंदी. त्यांचा 'बस' म्हणजे पुरे, थांब. एकाच शब्दाचे दोन अर्थ, आणि एका अर्थाचे दोन शब्द! तीन अधिकाऱ्यांनी परस्परविरुद्ध हुकूम काढले तर आमच्या कचेरीत काय होते ते मला ठाऊक आहे. घरात सर्वांनी तेच मोजके शब्द, त्याच अर्थाने वापरावयाचे, असे त्या दिवशी ठरले.

अर्ज मी खणात ठेवला. हवालदारांनी घालून दिलेला क्रम असा: उन्हाळ्यात सूर्योदयापूर्वीच धावणे, कारण मे महिन्यातील रायपूरचा डांबरी रस्ता पंजे भाजून काढतो, आणि सकाळ-संध्याकाळ दहा-पंधरा मिनिटे वासाने शोध घेण्याचे काम. माझा रुमाल दडवावयाचा आणि त्याने तो शोधावयाचा. तासभर धावूनही न दमणारा ब्रूनो एवढ्या शोधाने शांत निजू लागला. बाहेर नेताना त्यास मुसके घालावयाचे, आवाराचे फाटक लावलेले ठेवावयाचे आणि मुलांजवळ त्याला कधीही मोकळा सोडावयाचा नाही, हे नियम आजही आम्ही मोडत नाही. प्रेमामुळे स्वभाव पालटत नाही. त्याला वाट मात्र काढून देता येते.

मुंबईवरील २००८ च्या हल्ल्याच्या वेळी स्फोटके शोधणारे मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर हे श्वान निवृत्तीनंतर विरारच्या एका शेतावर राहावयास गेले होते. २०१६ या एकाच वर्षात ते चौघेही निवर्तले. शेवटी उरलेला सीझर सोबती गेल्यावर खिन्न झाला होता, असे त्या वेळी वर्तमानपत्रांतून आले होते. मोकळे शेत होते, मायेची माणसे होती. तरीही ज्यांच्यासह काम केले त्यांची उणीव राहिलीच.

आपल्या कायद्यालाही ही गोष्ट ठाऊक आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाचे अकरावे कलम, नेहमी साखळीला बांधून वा कोंडून ठेवलेल्या कुत्र्यास पुरेसा व्यायाम न देणे यासही क्रूरता म्हणते. मारहाण करावीच लागते असे नाही.

म्हणून श्रोतेहो, असा कुत्रा घरी आणण्यापूर्वी आपल्या मनात दया किती आहे, हे पाहू नका. दिवसाचे दोन तास आहेत का, आणि ते दहा-बारा वर्षे राहतील का, हे पाहा. त्याला कोणती भाषा शिकविली आहे, लहान मुलांपुढे तो कसा वागतो, हे त्याच्या सांभाळणाऱ्यास विचारा. उत्तर नकारार्थी आले तर गल्लीतील एखादे गरीब गावठी पिल्लू घरी आणा. त्यात दया तिळभरही कमी होत नाही.

तो अर्ज अद्याप माझ्या खणात आहे. शेजारचा मुलगा आता नऊ वर्षांचा झाला. रविवारी सकाळी तो आमच्याकडे येतो, माझा रुमाल नेऊन अंगणात दडवितो आणि फाटकाबाहेर जाऊन कडी लावतो. मग मी ब्रूनोला सोडतो. रुमाल सापडला की तो मुलगा पलीकडून टाळ्या वाजवितो. फाटकाच्या आत यावयास त्याची आई अजून परवानगी देत नाही, आणि ती योग्यच करते, असे मला वाटते.