सहा टर्नबकल आणि एक कबुली
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दहा मिनिटं दिली आहेत. वक्तृत्व स्पर्धेत मला वेळ कधीच पुरायचा नाही, हे सरांच्या लक्षात असावं, कारण घंटा त्यांच्याच हातात दिलेली दिसते.

विषयही समितीनेच दिला : 'तुझ्या वाडीतला तो टॉवर'. गावात आता माझ्या घराची खूणच ती झाली आहे. एसटी स्टँडवर रिक्षावाल्याला नाव सांगू नका, 'टॉवरवाल्याकडे' म्हणा, बरोबर दारात आणून सोडेल. अजून काही जणांची समजूत आहे की मोबाइल कंपनी मला त्याचं महिन्याला भाडं देते. मंडळी, छदामही मिळत नाही. उलट दर पावसाळ्याआधी रंग आणि ग्रीसचा खर्च माझाच असतो.

हा टॉवर हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी रेडिओचा आहे. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा द्यायची, पास झालात की परवाना मिळतो आणि एक सांकेतिक नाव मिळतं, त्याला कॉलसाइन म्हणतात. आपल्याकडची बहुतेक कॉलसाइन व्हीयू२ किंवा व्हीयू३ ने सुरू होतात. मग आपल्या घरातून, आपल्या यंत्रावरून जगातल्या अशाच परवानाधारकांशी बोलायचं. धंद्याचं बोलायचं नाही, कुणाकडून पैसे घ्यायचे नाहीत. आपले माजी पंतप्रधान राजीव गांधी यांनाही हा छंद होता. त्यांचं कॉलसाइन व्हीयू२आरजी.

बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी २०१३ मध्ये गावी परतलो, तेव्हा दोन माडांच्या मध्ये तार बांधून माझं काम चालायचं. माड डुलला की तार डुलायची आणि परदेशातला माणूस अर्ध्या वाक्यात गायब व्हायचा. मी ज्या पट्ट्यावर जास्त बोलतो, त्याची तरंगलांबी वीस मीटर. अँटेना जमिनीपासून निदान तिच्या निम्म्याइतका, म्हणजे दहा मीटर उंच असला, तर लहरी क्षितिजाच्या दिशेने निघतात आणि लांब जातात. तो खाली असला की बरीचशी शक्ती सरळ आभाळात जाते. म्हणून ठरवलं, चाळीस फुटांचा टॉवर उभारायचा.

आता असा टॉवर उभा कसा राहतो ते सांगतो, कारण पुढची गोष्ट त्याशिवाय कळायची नाही. तो तीन पायांचा, जाळीदार, दहा-दहा फुटांचे चार भाग एकावर एक बसवलेला असतो. माझ्या टॉवरचं बूड काँक्रीटमध्ये गाडलेलं नाही. ते एका जाड खिळ्यावर नुसतं टेकलेलं आहे. त्याला उभं धरतात ते तंबूला असतात तसे पोलादी तारेचे तणावे. वायरमन मंडळी त्यांना 'स्टे' म्हणतात. तीन दिशांना तीन, एकमेकांशी १२० अंशांत. वीस फुटांवर तीन आणि माथ्याजवळ तीन, असे एकूण सहा. प्रत्येक तणाव्याच्या खालच्या टोकाला एक टर्नबकल असतो. तो एकीकडे फिरवला की तार ताणली जाते, उलट फिरवला की सैल होते. तिन्ही बाजूंचा ताण सारखा असेल तोवर टॉवर ओळंब्यात राहतो. एक बाजू सुटली, की बाकीच्या दोन त्याला आपल्याकडे ओढून पाडतात.

हे सगळं मी पुस्तकांतून वाचलं होतं. शाळेत मी पहिल्या बाकावरचा होतो, हे तुम्हाला आठवतच असेल. पण टॉवर उभारायला मला शेवटच्या बाकावरची मंडळी लागली. आपला एक मित्र वीज मंडळात वायरमन होता, एकाचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे आणि एक बांधकामाची कंत्राटं घेतो. तिघेही आज समोर बसले आहेत. नावं घेणार नाही, तशी त्यांची अट आहे.

पहिल्याच दिवशी वायरमनने माझी आखणी मोडली. मी निवडलेल्या जागेपासून रस्त्याकडची विजेची लाइन पस्तीस फुटांवर होती. तो म्हणाला, "चाळीस फुटांचा टॉवर आडवा पडला, तर डोकं कुठे येईल?" जागा वाडीत मागे सरकली. कंत्राटदाराने बुडासाठी तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि तितकाच खोल खड्डा घेतला आणि तणाव्यांच्या नांग्यांसाठी मध्यापासून तीस फुटांवर तीन खड्डे घेतले. जांभा फोडताना पहारी वाकल्या. काँक्रीटवर गोणपाट टाकून तीन आठवडे पाणी मारलं. ते काम माझ्या आईने केलं, ऐंशी वर्षांच्या. तिला एकच काळजी होती, "वीज पडेल का रे त्याच्यावर?" मी म्हटलं, पडू शकते, म्हणून तर बुडाशी अर्थिंगच्या सळ्या ठोकतोय, आणि आभाळ गडगडायला लागलं की अँटेनाची केबल यंत्रापासून काढून बाहेर ठेवायची. आजही ढग दिसले की आत येऊन विचारते, "केबल काढलीस?"

मार्च २०१५ मधल्या एका रविवारी सकाळी टॉवर चढवायला सुरुवात केली. वायरमनने सगळ्यांना अंगणात उभं करून एक नियम सांगितला : वर माणूस असताना खालच्या तारेला त्याला विचारल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. सगळ्यांनी 'हो' म्हटलं. मीही म्हटलं.

अकराच्या सुमारास तीन भाग चढले होते. वीस फुटांवरचे तीन तणावे लागले होते आणि तीस फुटांवर तात्पुरते दोर बांधले होते. वायरमन वर पट्टा अडकवून चौथ्या भागाची कप्पी बांधत होता. मी खालून ओळंबा धरला. टॉवर दोन बोटं पूर्वेला कललेला दिसला. पुस्तकात उपाय होता : पूर्वेचा थोडा सैल, पश्चिमेचा थोडा घट्ट. मी कुणाला न विचारता पूर्वेच्या नांगीशी गेलो आणि टर्नबकल फिरवायला लागलो. किती आटे उरले आहेत ते पाहिलंच नाही. शेवटचा आटा सुटला आणि तार फटका मारल्यासारखी माझ्या हातातून निघून गेली.

टॉवर पश्चिमेला झुकला. वर आपला मित्र, आणि त्याचा पट्टा त्या टॉवरलाच बांधलेला. टॉवर गेला असता तर तोही त्याच्याबरोबर गेला असता. त्याला वाचवलं ते पूर्वेच्या तात्पुरत्या दोराने. तो दोर वर्कशॉपवाल्याने माडाच्या बुंध्याला दोन वेढे देऊन बांधला होता. मी सकाळी त्याला हसलोही होतो, "अरे, तात्पुरता आहे, इतकं काय?" कंत्राटदार आणि त्याचे दोन गडी धावले आणि त्या दोराला लोंबकळले. वरून आवाज आला, अगदी शांत : "स्टे बांधा आधी." आम्ही बांधला. मग तो एकेक पायरी करत खाली उतरला, ओटीवर बसला, तांब्याभर पाणी प्यायला. हात थरथरत होते त्याचे. त्याने विचारलं, "कसा सुटला?"

मंडळी, इथपर्यंतची गोष्ट गावातल्या पुष्कळांनी ऐकली आहे. पुढची कुणीच ऐकलेली नाही. मी उत्तर दिलं, "टर्नबकलचे आटे खराब होते."

ते टर्नबकल आणले होते वर्कशॉपवाल्याने. तो काही बोलला नाही. सुटलेला तुकडा उचलून खिशात टाकला आणि स्कूटरवरून निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा नवे टर्नबकल घेऊन आला, आधीच्यापेक्षा एक माप मोठे, गॅल्व्हनाइज केलेले. पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "माझ्या मालामुळे आज एखादा मेला असता." मी पैसे पुढे केले, पण खरं बोललो नाही. पुढच्या रविवारी टॉवर उभा राहिला. आईने नारळ फोडला, पेढे वाटले. फोटोत आम्ही चौघे आहोत.

त्यानंतर दर वर्षी मे महिन्यात तो न बोलावता यायचा. प्रत्येक टर्नबकलला ग्रीस लावायचा आणि तो आपोआप फिरू नये म्हणून मधून ओवलेली तार तपासायचा. मला वाटायचं, मैत्री म्हणून येतो. मैत्री होतीच. पण त्याच्या मनात तो खिशातला तुकडाही होता. एकदा वर्कशॉपमध्ये गेलो, तर तो तुकडा भिंतीवर खिळ्याला टांगलेला दिसला. नव्या पोरांना दाखवायला ठेवलाय म्हणाला, माल तपासून घ्या म्हणून. मी चहा पिऊन परत आलो.

मग ३ जून २०२० उजाडला. निसर्ग चक्रीवादळ आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तो दिवस तुमच्यापैकी इथे राहणारा कुणीही विसरलेला नाही. आदल्या संध्याकाळी, लॉकडाऊन असतानाही, हा माणूस तोंडाला रुमाल बांधून पाना घेऊन हजर. सहाही टर्नबकल पाहून गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या वाडीतल्या पोफळी डोळ्यांसमोर काड्यांसारख्या मोडल्या. एक पोफळ उत्तरेच्या तणाव्यावर आडवी पडली आणि तिथेच अडकून राहिली. माथ्यावरच्या अँटेनाचे दांडे उलटलेल्या छत्रीसारखे झाले. पण टॉवर उभा राहिला. त्याच्यावरून खाली उतरवलेली सात मेगाहर्ट्झची साधी तारही शाबूत होती.

वीज गेली होती, मोबाइल बंद, रस्त्यावर झाडं. मी गाडीची बॅटरी काढून आणली, यंत्र जोडलं आणि संध्याकाळी पुण्यातला एक हौशी परवानाधारक मिळाला. त्याने वही घेतली. पुढचे काही दिवस लोक ओटीवर येऊन चिठ्ठी देत : नाव, पुण्या-मुंबईतल्या मुलाचा किंवा मुलीचा फोन नंबर आणि दोनच शब्द, 'आम्ही सुखरूप'. मी वाचायचो, तो पलीकडून फोन करायचा. पहिली चिठ्ठी वायरमनच्या पुण्यातल्या मुलीसाठी होती. तो स्वतः आला नव्हता, पडलेले खांब उभे करायला बाहेर होता. त्याच्या बायकोने आणून दिली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. जे टर्नबकल मी खोटं बोलल्यामुळे बदलले गेले, त्यांच्यावरच ते सगळे निरोप गेले होते. लोक मला धन्यवाद देत होते. माझ्या खोटेपणातून काहीतरी चांगलं निघालं, असं मनाला समजावून पाहिलं. पटलं नाही. चांगलं निघालं ते त्याच्या प्रामाणिकपणातून. माझ्या वाट्याला फक्त खोटं होतं.

म्हणून समितीने हा विषय दिला तेव्हा मी 'हो' म्हटलं. तिसऱ्या रांगेत बसलेल्या माझ्या मित्रा, तुझ्या मालात काहीही खोट नव्हती. आटे चांगले होते. ते मी मोजले नाहीत आणि सकाळी दिलेला शब्दही पाळला नाही. भिंतीवरचा तो तुकडा काढ, किंवा राहू दे. पण पोरांना त्याची खरी गोष्ट सांग. आणि वायरमनसाहेब, तुमचीही माफी मागतो. तुम्ही विचारलं होतं, 'कसा सुटला?' उत्तर द्यायला मला नऊ वर्षं लागली.

तुमच्यापैकी कुणाला घरी टॉवर उभारायचा असेल, तर जरूर उभारा. छंद फार चांगला आहे. जागा विजेच्या लाइनपासून टॉवरच्या उंचीपेक्षा लांब घ्या. तात्पुरता दोरही कायमचा असल्यासारखा बांधा. टर्नबकल फिरवण्याआधी उरलेले आटे मोजा. आणि वर माणूस असेल तर आधी त्याला विचारा.

मे महिन्यातली तपासणी यंदाही आहे. वर कोण चढणार, हा मात्र प्रश्न आहे. आपण सगळे साठी ओलांडलेले. वायरमनने मला चढायला बंदी केली आहे, आणि त्याला त्याच्या बायकोने. तेव्हा कुणाचा धडधाकट मुलगा, जावई असेल तर पाठवा. पट्टा माझा, जेवण आईच्या हातचं.

सरांचा हात घंटेकडे गेलेला दिसतोय.