एका वेळी एक पान
(शताब्दीनिमित्त कोसाड येथे दिलेल्या भाषणाचा संक्षेप)



मराठीच्या अध्यापकाने संगणकाच्या स्मृतीविषयी बोलावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला महापूर आला, तेव्हापासून भिजलेला ग्रंथ पान पान सोडवून वाळविणे म्हणजे काय, हे सुरतेत राहणाऱ्यांस सांगावयास नको. जुन्या ग्रंथांच्या संगणकीय प्रती हव्यात, हे तेव्हाच पटले.

अलीकडे अशा एका तीनशे पानी ग्रंथाचे काम मी कोसाडच्या घरी अंगावर घेतले. स्कॅनरच्या टिफ फाइलींवरून, सभासदांस सहज उघडता येतील अशा जेपेग फाइली करावयाच्या होत्या. पायथनमध्ये दहा-बारा ओळींचा प्रोग्राम लिहिला, तो सुरू केला आणि जेवावयास बसलो. परत येऊन पाहतो तो यंत्र निश्चल!

दोष माझ्या हिशेबाचा होता. ए-फोर पान इंचाला ३०० ठिपके या मापाने टिपले, की २,४८० गुणिले ३,५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख ठिपके होतात. रंगीत प्रतिमेत प्रत्येक ठिपक्यास तीन बाइट. म्हणजे पानास सुमारे २५ एमबी. हार्डडिस्कवरची फाइल संकोचित असल्याने लहान दिसते. सुरतेच्या बाजारातली साडी घडीत असते तोवर खोक्यात मावते. उलगडली की गादी व्यापते. माझ्या प्रोग्रामने तीनशे साड्या एकदम उलगडावयास घेतल्या होत्या. त्यांना सात जीबींहून अधिक जागा हवी, आणि यंत्राची स्मृती चार जीबी.

ग्रंथपालांनी हा प्रश्न केव्हाच सोडविलेला आहे. कपाटे कितीही असोत, मेजावरचा ग्रंथ परत आल्याखेरीज दुसरा मिळत नाही. प्रोग्रामनेही एक पान उघडावे, रूपांतरित करून लिहावे, मिटावे आणि मगच पुढचे घ्यावे. मी उघडलेले प्रत्येक पान एका यादीत ठेवीत होतो. यादीत पान आहे तोवर पायथन त्याची जागा मोकळी करीत नाही. यादीत पानांऐवजी केवळ फाइलींची नावे ठेवली आणि काम सुरळीत झाले. वेळ वाचविण्यासाठी चार पाने एकदम चालवावयाची, तर चौपट जागा आधी मोजावी.

एका तरुण स्नेह्याने दुसरा उपाय सुचविला होता. "सर, पाने निव्वळ काळी-पांढरी करा ना!" हिशेब बिनचूक होता, ठिपक्यास एकच बिट, म्हणजे चोविसावा हिस्सा. मी मानले नाही. अनुच्चारित अनुस्वार १९६२ च्या लेखननियमांनी गेले. त्यापूर्वीच्या ग्रंथांत 'घरीं', 'केलें', 'करितां' असे छापलेले असते. पिवळ्या पडलेल्या कागदावरचे फिकट टिंब अशा रूपांतरात पांढऱ्यात विरून जाते, आणि कसरीचे छिद्र मात्र काळे होऊन भलत्याच अक्षरावर अनुस्वार म्हणून बसते! लेखकाने न लिहिलेले पाठभेद यंत्राने निर्माण करावेत, हे मला, निदान माझ्या विषयाच्या अभिमानामुळे, सोसवत नाही. जागा कामाच्या क्रमातून वाचते; ती अक्षरांतून कशाला कापावी?

तो ग्रंथ पूर्ण झाला. मूळ रंगीत फाइली दोन हार्डडिस्कवर आहेत, पैकी एक वरच्या मजल्यावर. आता पाळी जुन्या नोंदवह्यांची. त्यांचे पान दुप्पट मोठे, तेव्हा पानामागे ५० एमबी धरूनच मी बसणार आहे.