दोन विरुद्ध एक



निकाल दोन विरुद्ध एक असा लागला. जून 1951, अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यातलं चार्लस्टन शहर. क्लॅरेंडन परगण्यातल्या काळ्या पालकांनी शाळांमधल्या वर्णभेदाविरुद्ध दाद मागितली होती. दोन न्यायाधीशांनी फर्मावलं, काळ्या मुलांच्या शाळा सुधारा, पण वेगळ्याच ठेवा. तिसरे न्यायाधीश वेटीज वेअरिंग यांनी असहमतीचं निकालपत्र लिहिलं. रंगावरून मुलं वेगळी काढणं हीच विषमता आहे. इमारत कितीही देखणी बांधली तरी ती विषमता उरतेच, असं त्यांनी रोखठोक मांडलं.

‘तो काळच तसा होता’ असं म्हणत त्या दोघांची पाठराखण करणारे आजही भेटतात. ही सबब या व्यासपीठावरून साफ नाकारली पाहिजे! वेअरिंगही त्याच काळातले, त्याच मातीतले. त्यांचं घराणं आठ पिढ्यांचं चार्लस्टनकर आणि वडील गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणी सैन्यात. साठी ओलांडेपर्यंत वेअरिंग यांनीही प्रस्थापित चौकट मोडली नव्हती.

मग आला आयझॅक वुडर्डचा खटला. फेब्रुवारी 1946 मध्ये सैन्यातून सुटून, अंगावरच्या गणवेशानिशी बसने घरी निघालेल्या या काळ्या जवानाचे दोन्ही डोळे एका पोलीसप्रमुखाने मारहाणीत फोडले. खटला वेअरिंग यांच्यापुढे चालला. ज्यूरी सगळी गोरी. पाच मिनिटांत आरोपीला सोडून ती मोकळी होऊ नये, म्हणून न्यायमूर्ती मुद्दाम बाहेर फिरायला गेले. ते परतले आणि निकाल आला: निर्दोष. वेअरिंग यांच्या पत्नी एलिझाबेथ रडत कोर्टाबाहेर पडल्या.

त्यानंतर हा माणूस थांबला नाही. 1947 साली त्यांनी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत काळ्यांना मतदान खुलं केलं. गोऱ्या समाजाने वाळीत टाकलं, घरावर दगड पडले, तरीही ते हटले नाहीत.

पण या सगळ्याचं श्रेय एकट्या न्यायमूर्तींना देऊन मोकळं होणं हाही अन्यायच. क्लॅरेंडनमध्ये गोऱ्या मुलांसाठी 30 बस होत्या, काळ्या मुलांसाठी एकही नाही. पालकांचं पहिलं मागणं फक्त एका बसचं होतं! पुढे खटल्याच्या अर्जावर सही केली म्हणून त्या पालकांपैकी हॅरी ब्रिग्ज यांची पेट्रोल पंपावरची नोकरी गेली, पत्नी एलायझा यांचंही काम गेलं. पालकांना एकत्र आणणाऱ्या रेव्हरंड जोसेफ डीलेन यांचं घर जळून खाक झालं. कोर्टात मानसशास्त्रज्ञ केनेथ क्लार्क यांनी सांगितलं, तिथल्या 16 काळ्या मुलांपुढे गोरी आणि काळी बाहुली ठेवली, तेव्हा 11 जणांनी काळीलाच वाईट ठरवलं. ही साक्ष ऐकूनही दोन न्यायाधीशांना फक्त शाळांच्या इमारतींची दुरुस्ती सुचली.

17 मे 1954 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नऊ विरुद्ध शून्य मतांनी वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. क्लॅरेंडनचा खटला त्यातच सामील होता, पण निकालाला नाव लागलं कॅन्ससच्या ब्राऊन यांचं. वेअरिंग तोवर न्यूयॉर्कला निघून गेले होते. 2015 मध्ये चार्लस्टनच्या न्यायालयाच्या इमारतीला त्यांचं नाव देण्यात आलं, तेही माजी सिनेटर हॉलिंग्ज यांनी इमारतीला असलेलं आपलं नाव काढायला स्वतःहून सांगितलं म्हणून.

आपल्याकडे कायदा शिकवणाऱ्यांना एकच आग्रहाची विनंती: ब्राऊन खटल्याचा पाठ क्लॅरेंडनच्या त्या न मिळालेल्या बसपासून सुरू करा, आणि वेअरिंग यांचं निकालपत्र विद्यार्थ्यांना मुळातून वाचायला द्या.